नवा दोर, जुने गुडघे

झाडावर दोराने चढून फांद्या उतरवणाऱ्यांमध्ये एक वाद हल्ली वारंवार ऐकू येतो. पन्नाशीला टेकलेल्या, उमर दोरावर काढलेल्या माणसाने एकेरी दोराची नवी साधनं घ्यावीत की नाही? एक बाजू म्हणते, ज्याचे हात मुरलेत त्याला उपकरणाचा टेकू कशाला, ही खेळणी नवशिक्यांसाठी. दुसरी म्हणते, उपकरण घ्या आणि कामाची दहा वर्षं वाढवून घ्या. गंमत अशी की दोघंही मोजतात ती मिनिटंच: कोण किती लवकर शेंड्याला पोचला. वयस्क आरोहकाच्या बाबतीत ही मोजपट्टीच चुकीची आहे. त्याचे खरे प्रश्न दोन. दिवसभरात कोणत्या सांध्यावर किती भार आला? आणि वर असताना छातीत कळ आली किंवा भोवळ आली, तर त्याला खाली कोण आणि कसं आणणार? हे दोन प्रश्न विचारले तर नव्या साधनांचा सर्वांत जास्त फायदा अनुभवी, वय झालेल्या माणसालाच आहे, असं माझं ठाम मत आहे. नुसती खरेदी करून मात्र तो मिळत नाही. आणि माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या हाती ही साधनं दिली, तर त्याला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

आधी भाराचा हिशेब करू. जुनी पद्धत दुपदरी दोराची. दोर फांदीवरून टाकायचा, एक टोक हार्नेसला (कमर-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना) बांधायचं, दुसऱ्या पदरावर ब्लेक किंवा प्रुसिकच्या जातीची, हाताने सरकणारी पण वजन पडलं की आवळणारी गाठ मारून तीही हार्नेसला जोडायची आणि दोर ओढत वर सरकायचं. माणूस आणि अंगावरचं सामान मिळून 78 किलो धरा. भार दोन पदरांत वाटला जातो, म्हणून हातांना कागदावर 39 किलोच यायला हवेत. पण दोर सालीवर घासतो आणि आंब्या-चिंचेच्या खरखरीत सालीवर ते घर्षण चांगलंच जाणवतं. फांदीवर कड्यांचा पट्टा लावून त्यातून दोर ओवला तर ते बरंच कमी होतं, पण पट्टा लावायचा कंटाळा सगळेच करतात. शिवाय एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. 15 मीटरच्या झाडाला 30 मीटर. एका खेचीत अर्धा मीटर आला तर 60 खेची. दिवसाला चार झाडं धरली तर 240. हा सगळा मारा बोटं, मनगट, कोपर आणि खांदा यांच्यावर.

एकेरी पद्धतीत दोर वर पक्का असतो, तो हलत नाही. माणूस त्यावरून चढतो. एका बुटाला फूट असेंडर, दुसऱ्या पायाच्या गुडघ्याजवळ नी असेंडर, आणि तो खांद्यावरून आलेल्या लवचीक दोरीने वर ताणलेला. पाय उचलला की असेंडर दोरावर वर सरकतो, पाय दाबला की दात रोवून अडकतो. एका पावलात 35 ते 40 सेंटिमीटर, म्हणजे 15 मीटरला साधारण 40 पावलं. हात तोल सांभाळण्यापुरते. वर नेलेलं वजन तेच आणि उंचीही तीच, त्यामुळे 78 किलो 15 मीटर चढवायला लागणारी सुमारे साडेअकरा किलोज्यूल ऊर्जाही तीच. साधनाने काम कमी होत नाही, ते हातांकडून मांड्यांकडे जातं. विहिरीतून पाणी शेंदणं आणि जिना चढणं यांत जेवढा फरक, तेवढाच हा. पण पंचविशीत जो फरक जाणवतही नाही, तोच पन्नाशीत कामाला जायचं की घरी बसायचं हे ठरवतो. गाठ केव्हा सुटू लागते हे अनुभवाने कळतं. कोपराची कंडरा मात्र अनुभवाने तरुण होत नाही. वय वाढतं तशी ती सावकाश भरून येते, आणि टेनिस एल्बो झालेल्या हाताने रोज 240 खेची म्हणजे ती कधीच भरू न देणं.

‘साधनं नवशिक्यांसाठी’ हे म्हणणं तर इतिहासात एका ठिकाणीही टिकत नाही. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये आपली गाठ मांडली, तेव्हा ते मुरलेले गिर्यारोहक होते. सह्याद्रीत कडे चढणाऱ्या अनेकांच्या कमरेला आज जो जुमार (दोरावर वर सरकणारी, खाली ओढली की अडकणारी पकड) लटकतो, तो स्वित्झर्लंडच्या युसी आणि मार्टी या जोडीने 1958 मध्ये बाजारात आणला. यातल्या युसींना गरुडांच्या अभ्यासासाठी कड्यांवर सतत दोराने वर-खाली करावं लागे. एकेरी दोरावर गाठीने काम करणं शक्य झालं ते 2010 च्या सुमारास केविन बिंगहॅम या अमेरिकन आरोहकाने रोप रेंच बनवल्यावर, आणि तेही झाडावर पोट भरणारेच. दोरावर मुरलेल्यांच्याच गरजेतून ही साधनं जन्मली. नवशिक्याला अशी गरज जाणवायला वेळ तरी कुठे मिळालेला असतो?

रोप रेंचचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण सवयीचा मुद्दा तिथेच सुटतो. दुपदरी दोरात गाठीवर माणसाचं निम्मं वजन येतं, म्हणून ती बोटाने सुटते. एकेरी दोरात पूर्ण वजन येतं. गाठ आवळून बसते, आणि जोर लावून सोडवली तर एकदम सुटून माणूस धाडकन खाली येतो. रोप रेंच गाठीच्या वर दोराला किंचित वाकवून घर्षणाचा एक वाटा स्वतः घेतो, त्यामुळे गाठीवरचा भार उतरतो आणि ती पूर्वीसारखीच हाताळता येते. म्हणजे जुन्या माणसाची गाठ जुनीच राहते. ‘वीस वर्षांची सवय मोडायला लावता’ या आक्षेपात तथ्य आहे. हात न बघता जे करतात ते बदलणं धोक्याचंच. पण सगळं एकदम बदला असं सांगितलंय कुणी? क्रम असा ठेवता येतो: आधी जुन्याच दुपदरी दोरावर, गाठीखालच्या लोंबत्या दोराला फक्त फूट असेंडर लावायचा, म्हणजे खेचीचा मोठा वाटा पायाकडे जातो. तो अंगवळणी पडला की गाठीखाली एक छोटी पुली, म्हणजे गाठ आपोआप वर सरकते. त्यानंतरच एकेरी दोर आणि रेंच, तोही जमिनीपासून दोन मीटरवर. तिथे चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त हवा, कारण रेंच दोरावर बसवायचा राहिला तर चढताना काहीच कळत नाही, उतरताना कळतं.

गाठीच्या जागी वापरायच्या यांत्रिक उपकरणांबद्दलची शंकाही फेकून देण्यासारखी नाही. एका नामांकित कंपनीला 2013 मध्ये आपलं झाडावरचं उपकरण बाजारातून परत मागवावं लागलं होतं. प्रत्येक उपकरण ठरावीक जाडीच्या दोरासाठीच असतं. पातळ दोरावर ते घसरतं, जाडावर सुटत नाही. आपल्याकडे तर याहून मोठी चूक होते. कडे चढण्यासाठी घेतलेला दातेरी जुमारच झाडावर एकमेव आधार म्हणून वापरला जातो. जुमार वर सरकण्यासाठी आहे, झटका झेलण्यासाठी नाही. सुमारे 4 ते 6 किलोन्यूटनच्या (चारशे-सहाशे किलो वजनाएवढ्या) झटक्याला त्याचे दात दोराचं आवरण सोलून काढतात, आणि फांदीवर उभं राहून दोरात एक-दीड मीटर ढिल ठेवणाऱ्याला असा झटका बसायला फार काही घडावं लागत नाही. म्हणून जुन्या माणसाने यांत्रिक उपकरणाऐवजी आपली गाठ आणि रेंच यांवर राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. दुकानदारांना हे आवडणार नाही.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा फांदीचा आहे, आणि तो पूर्णपणे खरा आहे. एकेरी दोर बुंध्याशी बांधून वरच्या फांदीवरून खाली सोडला तर त्या फांदीवर माणसाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण दोन्ही बाजूंचे पदर तिला खाली ओढतात. 78 किलोच्या माणसासाठी दीडशेच्या आसपास, वर पावलागणिक बसणारे हिसके वेगळे. फांदीलाच दोर आवळून बांधला तर भार एकपट राहतो. आणि ही फांदी निवडायची जमिनीवरून, अडीचशे-तीनशे ग्रॅमची पिशवी बांधलेली बारीक दोरी फेकून! आंबा, चिंच, वड यांच्या बुंध्यालगतच्या बेचक्यावर विश्वास ठेवता येतो. गुलमोहर आतून पोकळ झालेला असतो. शेवगा आणि पांगारा फसवे. मिलिबगने खाल्लेले मुंबईतले पर्जन्यवृक्ष खालून हिरवे दिसले तरी वर वाळकी हाडं घेऊन उभे असतात. दोघांनी एकदम दोराला लोंबकळून, हिसके देऊन बेचकं तपासल्याशिवाय चढू नये, हा नियम ठीक आहे. पण कोणतं बेचकं तपासण्यालायक आहे, हे कोण ओळखणार? दोन वर्षं काम केलेल्या उमेदवाराला ती नजर नसते, पंचवीस वर्षं केलेल्या माणसाला असते. म्हणजे हा आक्षेप साधनाविरुद्ध वापरला जातो, पण सिद्ध उलटंच होतं: दुप्पट भाराची पद्धत सांभाळून वापरायला सर्वांत लायक माणूस हा जुनाच.

गुडघ्यांचं काय? इथे मला नमतं घ्यावं लागतं. भार हातांकडून पायांकडे नेला की ज्याचे गुडघेच गेलेत त्याचं नुकसान होतं, आणि उघड्या पायांनी झाडं चढत आलेल्या कितीतरी माणसांचे गुडघे खांद्यांच्या आधी जातात. पाऊल 40 ऐवजी 20-25 सेंटिमीटरचं करता येतं. नी असेंडरची दोरी आखूड-लांब करून गुडघा फार दुमडणार नाही असं बसवता येतं. दोन्ही पाय एकाच फासात ठेवून उठता येतं. यातून त्रास कमी होतो, संपत नाही. गुडघ्याची वाटी दुखणाऱ्याने एकेरी दोर घ्यायचा की दुपदरी दोरावर घर्षण कमी करणारा पट्टा लावून भागवायचं, हे त्याचा कुठला सांधा आधी थकतो यावर ठरावं. सरसकट ‘घ्या’ म्हणणारे हा प्रश्नच विचारत नाहीत.

आता दुसऱ्या मोजपट्टीकडे येतो. या वादात तिचा उल्लेखही होत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. दुपदरी दोरावर माणूस वर बेशुद्ध झाला तर त्याच्यापर्यंत दुसऱ्या आरोहकाने चढून जाणं भाग पडतं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचू लागतं आणि मिनिटं मोलाची होतात. दुसरा आरोहक हजर आहे, त्याचा हार्नेस अंगावर आहे, त्याचा दोर वर टाकलेला आहे, असं आपल्याकडे किती कामांवर दिसतं? एकेरी दोर बुंध्याशी नुसत्या गाठीने न बांधता डिसेंडरमधून (दोर हळूहळू सोडता येणाऱ्या उपकरणातून) घेऊन पक्का केला, तर जमिनीवरचा माणूस तो सोडत सोडत वरच्याला खाली आणू शकतो. त्यासाठी दोराचं गणित आधी करावं लागतं. दोर टेकलेली फांदी 15 मीटरवर असेल तर 15 वर जायला, 15 खाली यायला, आणि सोडण्यासाठी बुंध्याशी आणखी 15 शिल्लक: म्हणजे 45 मीटर आणि गाठींपुरता थोडा जास्त. आरोहकाच्या खाली लोंबणारा दोर या कामाला येत नाही, आणि 30 मीटरचा दोर घेऊन ‘आमच्याकडे सुटकेची सोय आहे’ म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. आणखी एक अडचण: आरोहकाने कापताना फांदीला आखूड दोरही अडकवलेला असेल तर खालून कितीही सोडा, तो तिथेच राहील. बुंध्याशी असलेला अँकर (दोराचा खालचा बांध) म्हणजे खाली फांद्यांचे तुकडे करणाऱ्याच्या करवतीच्या टप्प्यात आलेला जीव. म्हणून तो कामाच्या उलट बाजूला, शक्यतो शेजारच्या झाडाला, आणि भडक कापड बांधून. एवढं सांभाळलं तर ही सोय पंचविशीतल्या मुलापेक्षा पंचावन्नच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला कितीतरी अधिक मोलाची आहे. नव्या दोराच्या बाजूने मला एकच कारण द्यायचं झालं तर मी हे देईन.

एकच दोर पुरेसा आहे का, हाही प्रश्न येतो. ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेने 2005 च्या उंचीवरील कामाच्या नियमांवर बोट ठेवून 2019 मध्ये झाडांच्या कामातही स्वतंत्र आधाराच्या दोन दोरांचा आग्रह धरला, तेव्हा तिथल्या जुन्या आरोहकांनी दोर गुंततात, दमछाक दुप्पट होते अशी ओरड केली. दोन दुपदरी दोर घेऊन चढायचं असेल तर ती ओरड रास्तच. पण चढायला एकेरी आणि सोबतीला दुसरा असं केलं तर हातांवर तो बोजा येत नाही. आपल्याकडे दुसऱ्या आधाराचं कारण आणखी उघड आहे: कोयता. ताणलेला दोर कोयत्याच्या पात्याला नुसता लागला तरी तुटतो. सैल दोर कापायला जेवढा जोर लागतो त्याच्या मानाने काहीच लागत नाही. म्हणून कापताना तरी पोलादी गाभ्याचा आखूड दोर फांदीभोवती हवाच, मग मुख्य दोर कोणताही असो.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळा वाद शेवटी इथेच येतो. साधनं महाग, बरीचशी आयात केलेली. दोर आणि हार्नेस जुने झाले की बदलायचे. त्याहून खरी भीती ही की साधनाने वाचलेला दम कंत्राटदार गोळा करील: चार झाडांच्या जागी सहा. हे घडून गेलेलं आहे. साखळी करवत आली तेव्हा कुऱ्हाडीच्या घावांपासून लाकूडतोड्यांची सुटका झाली, पण दिवसभर तीच हातात राहू लागल्याने साठच्या दशकापर्यंत जंगल कामगारांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसून ती पांढरी पडण्याचा आजार पसरलेला दिसला. कंपनं शोषणाऱ्या मुठी आल्या, वापराच्या वेळेवर मर्यादा आल्या, तेव्हा कुठे तो आटोक्यात येऊ लागला. म्हणून करवतच नको होती, असं आज कुणी म्हणेल का? एका दिवसात किती झाडं, हे दोर ठरवत नाही, करारनामा ठरवतो. पावसाळ्याआधीच्या छाटणीच्या निविदांमध्ये दर झाडागणिक असतो. बेचकं तपासायला, दुसरा दोर लावायला, बुंध्याशी डिसेंडर बसवायला जो अर्धा तास जातो त्याला त्या कागदात जागाच नसते, आणि जो सर्वांत सावध तोच सर्वांत कमी कमावतो.

हीच गोष्ट माडाच्या बाबतीत जास्त स्पष्ट दिसते. दोराच्या साधनांचे उत्साही प्रचारक कोकण-गोव्यातल्या पाडेल्यालाही तीच पुडी देऊ पाहतात, तेव्हा त्यांनी माड जवळून पाहिलेला नसावा असं वाटतं. माडाला फांदी नाही, बेचकं नाही. दोर टाकायचा कशावर? झावळ्यांवरून टाकलेल्या दोराला लोंबकळणं म्हणजे देठावर जीव सोडणं, आणि पिकली झावळ तर हात लागताच निसटते. माडासाठीचं साधन वेगळंच आहे. केरळमधल्या चेंबेरीत जन्मलेल्या यंत्राला उजव्या-डाव्या पायांसाठी दोन भाग असतात, प्रत्येकाचा तारेचा दोर खोडाला वेढा घालतो. वजन पडलं की वेढा आवळतो, उचललं की सैल होतो. कासरगोडच्या संशोधन संस्थेने त्याला सुरक्षेची जोडही दिली. नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ ही प्रशिक्षण योजना सुरू केली, ती बेरोजगार तरुणांना असं यंत्र शिकवण्यासाठी. म्हणजे इथे ‘साधन नवशिक्यांसाठी’ हे म्हणणं खरोखर लागू पडतं: यंत्राने न येणारं चढणं येऊ लागतं. पाडेल्याला चढणं येतंच. त्याला यंत्र एका माडावरून काढून दुसऱ्यावर चढवायचं ओझं वाटतं, आणि दर माडागणिक असल्याने तो वेळ त्याच्या पदरचा जातो. याला हट्ट म्हणणारे त्याचा साधा हिशेब वाचत नाहीत.

वय झालेल्या पाडेल्याचा धोका चढण्यापेक्षा शेंड्याशी आहे. बाणवली माड सहज 15-20 मीटर जातो. तिथे पोचल्यावर एका हाताने झावळ धरायची, दुसऱ्याने कोयता चालवायचा, आणि सगळं वजन पायांतल्या फासावर आणि थरथरणाऱ्या पोटऱ्यांवर. पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर तर विचारूच नका. चढणं सोपं व्हावं म्हणून खोडाला खाचा पाडतात, तिथून सोंड्या भुंग्याला वाट मिळते आणि माडच जातो. त्याला हवा आहे कमरेचा रुंद पट्टा आणि शेंड्याखाली खोडाभोवती अडकवायचे दोन आखूड दोर, म्हणजे देठाला वळसा घालताना एक सोडला तरी दुसरा लावलेला राहतो आणि पोटऱ्यांवरचा भार पट्टा घेतो. यात नवं तंत्रज्ञान जवळजवळ नाहीच, आणि किंमत यंत्राच्या मानाने किरकोळ. पण प्रत्येक माडावर दोन मिनिटं जास्त लागतात. पन्नास माडांच्या बागेत तेवढ्यानेच जवळजवळ पावणेदोन तास जातात, आणि ते बागायतदाराने मोजून, वेगळे द्यायला हवेत. पालिकेच्या निविदेत जसा दोर लावण्याचा वेळ आणि खाली उभा राहणारा, सोडायला शिकलेला माणूस ही दोन वेगळी कलमं हवीत, तसेच.